ताप, गाठी आणि क्षयापलीकडचे निदान : एचआयव्हीतील दुर्मीळ लसीका-विकारांचा आढावा

एचआयव्हीची औषधे वर्षानुवर्षे नेमाने घेणारा एखादा रुग्ण घ्या. रक्तातला विषाणूभार मोजता येणार नाही इतका खाली, सीडी-फोर पेशी साडेतीनशेच्या आसपास. ही औषधे देणाऱ्या एआरटी केंद्राच्या नोंदीत सगळे ठीक. पण दर काही आठवड्यांनी त्याला थंडी वाजून ताप भरतो, रात्री अंग घामाने भिजते, वजन उतरत जाते. मानेत आणि काखेत गाठी येतात, पांथरी वाढते, हिमोग्लोबिन सातवर येते. काही दिवसांनी ताप आपोआप ओसरतो आणि महिनाभराने पुन्हा उसळतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही डॉक्टरच्या मनात अशा वेळी पहिला विचार क्षयाचा येईल, आणि तो यायलाच हवा. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांचा सर्वाधिक जीव क्षयच घेतो. प्रश्न त्यानंतरचा आहे. थुंकीत जंतू सापडला नाही, गाठीच्या नमुन्यात सापडला नाही, क्षयाची औषधे सुरू करून दोन महिने झाले तरी ताप येतोच आहे; मग पुढचा विचार कोणता?

त्या पुढच्या विचारात जे आजार येतात त्यांचा हा आढावा आहे. वैद्यकात त्यांना लिम्फोप्रोलिफरेटिव्ह विकार म्हणतात. लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे लसीका-पेशी, प्रमाणाबाहेर वाढणे, हा त्या सर्वांचा समान धागा. त्यांतले काही उघड कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, आहेत, काही कर्करोग नाहीत, आणि काही या दोहोंच्या सीमेवर आहेत. प्रत्येक आजार संख्येने थोडा. पण त्यांतल्या अनेकांवर आज उपचार आहेत आणि काहींवर तर फारच चांगले आहेत. निदानाला उशीर झाला की मात्र माणूस हातचा जातो. म्हणून या सगळ्या आढाव्यात एक गोष्ट पुन:पुन्हा समोर येईल : रुग्णाचे भवितव्य बहुतेक वेळा औषधाच्या आधी, गाठ वेळेवर काढून नीट तपासली की नाही, यावर ठरते.

लसीका-पेशी बेलगाम का होतात

एचआयव्ही मुख्यतः सीडी-फोर जातीच्या टी-पेशींवर हल्ला करतो. बी-पेशींना तो सहसा बाधत नाही. तरीही या विकारांपैकी बहुतेक बी-पेशींचेच असतात. याचे उत्तर तीन गोष्टींच्या संगमात आहे. पहिली म्हणजे सततची चिथावणी. एचआयव्हीच्या संसर्गात प्रतिकारयंत्रणा वर्षानुवर्षे जागी राहते, बी-पेशी पुन्हा पुन्हा विभागत राहतात आणि प्रत्येक विभाजनात जनुकीय चूक होण्याची शक्यता वाढते. दुसरी गोष्ट पहाऱ्याची. बिघडलेल्या किंवा विषाणूबाधित बी-पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी दुबळ्या झाल्या की अशा पेशींना रान मोकळे मिळते. तिसरी गोष्ट म्हणजे हर्पीस कुळातले दोन विषाणू.

त्यांपैकी पहिला एपस्टाइन-बार विषाणू, थोडक्यात ईबीव्ही. डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने युगांडातल्या मुलांच्या जबड्यांत वाढणाऱ्या गाठींचे वर्णन १९५८ साली केले. त्याच गाठींतल्या पेशींमध्ये अँथनी एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्होन बार यांनी १९६४ मध्ये लंडनला हा विषाणू पाहिला. माणसात कर्करोगाशी नाते जोडला गेलेला हा पहिला विषाणू. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर सुप्त असतो, आणि आपल्याकडे त्याची लागण बहुधा बालपणीच होते.

दुसरा विषाणू कपोसी सारकोमाशी निगडित हर्पीसविषाणू, म्हणजेच केएसएचव्ही किंवा एचएचव्ही-८. मॉरिट्झ कपोसी यांनी १८७२ मध्ये व्हिएन्नात वर्णन केलेला त्वचेचा हा अर्बुद शंभराहून अधिक वर्षे कारणावाचून राहिला होता. एड्सच्या साथीत तो तरुणांमध्ये झपाट्याने दिसू लागला आणि १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात युआन चँग व पॅट्रिक मूर यांनी त्यामागचा विषाणू शोधला. पुढच्याच वर्षी एथेल सिझरमन आणि सहकाऱ्यांना हाच विषाणू शरीराच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या एका विचित्र लिम्फोमात सापडला, आणि फ्रान्समधल्या संशोधकांना कॅसलमन आजाराच्या गाठींत. वर्षभरात तीन वेगळे वाटणारे आजार एकाच कारणाशी बांधले गेले.

एचआयव्ही आणि लसीका-विकार यांचे नाते मात्र याआधीच लक्षात आले होते. एड्सचे पहिले रुग्ण १९८१ मध्ये नोंदले गेले आणि १९८२ मध्येच जॉन झिगलर यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या चार समलैंगिक पुरुषांमध्ये बर्किटसारखा लिम्फोमा आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्या काळच्या मोठ्या लिम्फोमांवर पुढे पुष्कळ काम झाले. विखुरलेल्या मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा आणि बर्किट लिम्फोमा यांची ओळख आज कर्करोगतज्ज्ञांना चांगली आहे. सर्वसाधारण लोकांपेक्षा एचआयव्हीबाधितांत सुमारे दहापट अधिक आढळणारा हॉजकिन लिम्फोमाही परिचयाचा आहे. हा आढावा त्यांच्याहून कमी ओळखीच्या आजारांचा आहे.

कॅसलमन आजार : ताप येतो, जातो, पुन्हा येतो

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले विकृतितज्ज्ञ बेंजामिन कॅसलमन यांनी १९५६ मध्ये छातीतल्या लसीकाग्रंथी विलक्षण वाढलेल्या १३ रुग्णांचे वर्णन केले. ती एकाच ठिकाणची गाठ होती आणि शस्त्रक्रियेने बरी होणारी होती. एचआयव्हीतला कॅसलमन आजार त्याच्याहून फार वेगळा. तो एकाच वेळी शरीरभरच्या गाठींत असतो, त्यामागे जवळजवळ नेहमी केएसएचव्ही असतो आणि वेळीच थांबवला नाही तर तो जीव घेतो.

या आजाराचा कणा इंटरल्यूकिन-६ नावाचे एक संदेशवाहक प्रथिन आहे. जपानमध्ये ओसाकाच्या संशोधकांनी कॅसलमन आजारातल्या गाठी हे प्रथिन भरमसाट बनवतात, हे १९८९ मध्ये दाखवले. पुढे कळले की केएसएचव्हीकडे या प्रथिनाची स्वतःची प्रत आहे. माणसाच्या इंटरल्यूकिनला पेशीवर काम करण्यासाठी दोन कड्या लागतात. विषाणूच्या प्रतीला त्यांतली एक पुरते. त्यामुळे ती कितीतरी अधिक प्रकारच्या पेशींना चेतवू शकते. रुग्णाच्या अंगातली लक्षणे या एका प्रथिनावरून वाचता येतात : ताप, दाह दाखवणारे सीआरपी प्रचंड वाढणे, लोह असूनही रक्त न बनल्यामुळे येणारा पंडुरोग, अल्ब्युमिन घसरून अंगावर येणारी सूज, पोटात आणि छातीत साठणारे पाणी. विषाणू जागा झाला की हल्ला येतो, तो निजला की ताप उतरतो. या चढउताराचे गणित न कळल्यामुळे अनेकदा रुग्ण प्रतिजैविकाने बरा झाला असे वाटते, आणि तपास तिथेच थांबतो.

फ्रान्समधल्या एका गटाने या हल्ल्याची व्याख्या नेमकी केली. ताप हवा, सीआरपी लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या वर हवे, आणि त्याबरोबर आणखी किमान तीन खुणा हव्यात. वाढलेल्या गाठी, वाढलेली पांथरी, सूज, छातीत किंवा पोटात पाणी, खोकला, नाक चोंदणे, तोंड कोरडे पडणे, पुरळ, कावीळ, मेंदूशी निगडित लक्षणे, रक्तपेशी फुटून येणारा पंडुरोग अशी ती यादी आहे. एचआयव्हीच्या विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाने ती पाठ करावी अशी आहे, कारण तिच्यातल्या बहुतेक खुणा क्षयातही दिसतात.

आणखी एक फसवी बाब सीडी-फोरच्या आकड्याची. हा आजार व्हायला प्रतिकारशक्ती पूर्ण कोसळावी लागत नाही. सीडी-फोर दोनशेच्या वर आणि विषाणूभार नियंत्रणात असतानाही तो होतो. ‘औषधे नीट चालू आहेत, म्हणजे एचआयव्हीशी संबंधित काही नसणार’ हा दिलासा म्हणूनच येथे धोक्याचा ठरतो.

उपचारांचा इतिहास ही या विषयातली सर्वांत आशादायक गोष्ट आहे. एरिक ओक्सेनहेंडलर यांच्या गटाने १९९६ मध्ये वर्णन केलेल्या २० रुग्णांचे मध्यक आयुष्य १४ महिने होते. याच गटाने २००२ मध्ये ६० रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा त्यांतल्या १४ जणांना पुढे लिम्फोमा झाला होता. इतर एचआयव्हीबाधितांच्या तुलनेत हे प्रमाण १५ पट होते. मग बी-पेशींवरच्या सीडी-२० या खुणेला चिकटणारे रिटक्सिमॅब वापरात आले. लंडनच्या चेल्सी अँड वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमधून मार्क बोवर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दिलेल्या निष्कर्षांत रिटक्सिमॅब मिळालेल्या रुग्णांपैकी ९० टक्के पाच वर्षांनी जिवंत होते. त्यापूर्वीच्या काळातल्या रुग्णांत हेच प्रमाण ३३ टक्के होते. फ्रान्समधल्या ११३ रुग्णांच्या पाहणीने २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : रिटक्सिमॅबमुळे पुढे लिम्फोमा होण्याचा धोकाही खूप घटतो. कर्करोगाच्या उंबऱ्यावरच्या एका आजाराचा असा कायापालट पंधरा-वीस वर्षांत होणे ही मोठी गोष्ट आहे.

रिटक्सिमॅब निर्धोक मात्र नाही. कॅसलमन आजाराबरोबर कपोसी सारकोमा असेल तर तो या औषधाने भडकू शकतो; अशा रुग्णांना लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन जोडून देतात. हिपॅटायटिस-बी सुप्त असेल तर तोही जागा होतो, म्हणून त्याची तपासणी आधी व्हायलाच हवी. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने झायडोव्हुडिन व व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर यांची जोडीही वापरून पाहिली. विषाणूची स्वतःची विकरे ही औषधे कार्यक्षम करतात आणि बाधित पेशी त्यातच मरतात, अशी ती कल्पना. इंटरल्यूकिन-६ ला रोखणारे सिल्टक्सिमॅब २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, पण ते एचआयव्ही आणि एचएचव्ही-८ हे दोन्ही नसलेल्या रुग्णांसाठी. नावाने एकच असलेल्या आजाराच्या दोन प्रकारांना दोन वेगळे उपचार लागतात, हे डॉक्टरांनी आणि रुग्णांनीही ध्यानात ठेवायला हवे.

गाठ नसलेला लिम्फोमा आणि गाठीवाचूनचा ताप

केएसएचव्हीचा दुसरा आजार प्रायमरी इफ्यूजन लिम्फोमा. यात बहुधा गाठच नसते. कर्करोगाच्या पेशी फुप्फुसाच्या, हृदयाच्या किंवा पोटाच्या आवरणातल्या पाण्यात तरंगत वाढतात. पाणी काढले की दम कमी होतो, पुन्हा भरते की वाढतो. आपल्याकडे छातीतले असे पाणी म्हणजे क्षय, हे समीकरण इतके पक्के आहे की काढलेले पाणी पेशी-तपासणीला न जाता नुसते क्षयासाठीच्या एडीए चाचणीला जाते. एडीए लिम्फोमातही वाढू शकते, हे तेव्हा विसरले जाते.

या लिम्फोमाच्या पेशींवर सीडी-२० नसते, त्यामुळे रिटक्सिमॅब येथे निरुपयोगी ठरते आणि नेहमीच्या बी-पेशी खुणा शोधणारा विकृतितज्ज्ञही चकतो. पेशीच्या केंद्रकात लाना नावाचे केएसएचव्हीचे प्रथिन दिसले की निदान पक्के होते. बहुतेक रुग्णांत त्याच पेशींमध्ये ईबीव्हीही असतो. पूर्वी या रुग्णांना मोजके महिने मिळत. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या २०१९ मधल्या निष्कर्षांत मध्यक आयुष्य २२ महिन्यांवर गेले होते आणि काही जण दीर्घकाळ रोगमुक्त राहिले. ‘आता काही करण्यासारखे नाही’ असे म्हणण्याचे दिवस मागे पडत आहेत.

याच संस्थेने २०१० मध्ये आणखी एक कोडे मांडले. काही रुग्णांत कॅसलमनसारखाच ताप, तसेच वाढलेले सीआरपी, विषाणूच्या इंटरल्यूकिनची तशीच वाढ. पण गाठीच्या तपासणीत कॅसलमन आजार नाही. या अवस्थेला केएसएचव्ही दाह-सायटोकाइन लक्षणसमूह असे म्हटले गेले. अतिदक्षता विभागात जंतुदोष समजून उपचार होणाऱ्या रुग्णांपैकी काही जण याचे असू शकतात. त्याचे निदान करायचे तर रक्तातला केएसएचव्हीचा भार मोजावा लागतो, आणि ती चाचणी फार थोड्या ठिकाणी होते.

तोंडातली गाठ : प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा

भारतासाठी या सगळ्यांत अधिक महत्त्वाचा आजार बहुधा हाच. हेन्री-जॅक डेलेक्लूझ, हॅराल्ड स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तोंडाच्या पोकळीतल्या लिम्फोमाचे १६ रुग्ण वर्णन केले. त्यांतले जवळजवळ सगळे एचआयव्हीबाधित होते. हिरडीवर किंवा टाळूवर वेगाने वाढणारी, दात हलवणारी, रक्ताळणारी गाठ, असे त्याचे रूप असते. पुढे हा लिम्फोमा आतड्यात, गुदद्वाराशी, त्वचेत, हाडांतही आढळला. मुंबईसह भारतातल्या अनेक रुग्णालयांतून त्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत.

तंबाखू आणि सुपारीमुळे तोंडाचा कर्करोग घरोघरी माहीत असलेल्या आपल्या प्रदेशात तोंडातली गाठ म्हटली की पहिले नाव त्याचेच निघते. दातांच्या डॉक्टरकडे ती हिरडीचे गळू ठरते. म्हणून तोंडात वेगाने वाढणारी गाठ घेऊन आलेल्या रुग्णाची एचआयव्ही चाचणी करणे आणि एचआयव्ही माहीत असलेल्या रुग्णाच्या गाठीचा तुकडा तपासणे, या दोन्ही गोष्टी दंतवैद्यकाच्या रोजच्या कामात यायला हव्यात. अनेकदा या लिम्फोमाच्या तपासातूनच माणसाला आपल्या एचआयव्हीचा पहिल्यांदा पत्ता लागतो.

सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी बी-पेशी आणि प्लाझ्मा-पेशी यांच्या मधल्या दिसतात. सीडी-२० नसते, सीडी-१३८ असते. त्यामुळे मायलोमा समजण्याची चूक होते, किंवा कुठल्याच खुणा न जुळल्याने नुसते ‘अविभेदित कर्करोग’ असे लिहिले जाते. एचआयव्हीबाधितांच्या बहुतेक गाठींत ईबीव्ही सापडतो, आणि साधारण निम्म्यांत मिक या जनुकाची जागा बदललेली असते. वाढीचा वेग मुख्यतः त्यातून येतो. उपचारांनंतरचे मध्यक आयुष्य आजवर एक-सव्वा वर्षाच्या पलीकडे फारसे गेलेले नाही. सलग थेंबाथेंबाने दिली जाणारी केमोथेरपी, तिच्या जोडीला बॉर्टेझोमिब, अलीकडे सीडी-३८ वर काम करणारे डॅराट्युमुमॅब, असे प्रयत्न चालू आहेत. रुग्ण थोडे असल्याने मोठ्या तुलनात्मक चाचण्या होत नाहीत, आणि ज्या देशांत रुग्ण अधिक आहेत तेथून पद्धतशीर नोंदी येत नाहीत. ही उणीव आपल्या देशाने भरून काढण्यासारखी आहे.

मेंदूतला लिम्फोमा

सीडी-फोर पन्नासच्या खाली गेले की मेंदूत थेट सुरू होणाऱ्या लिम्फोमाचा धोका वाढतो. या गाठींत ईबीव्ही जवळजवळ नेहमी असतो. झटके, एका बाजूचा अशक्तपणा, वागण्यातला बदल घेऊन रुग्ण येतो आणि एमआरआयमध्ये डाग दिसतात. टोक्झोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग, क्षयाची गाठ आणि लिम्फोमा हे तिन्ही तेव्हा समोर असतात. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात ईबीव्हीचे जनुकद्रव्य सापडले तर लिम्फोमाची शक्यता बळावते. टोक्झोप्लाझ्माची औषधे देऊन दोन आठवडे वाट पाहण्याची पद्धत जुनी आहे. पण त्याबरोबर स्टेरॉइड दिले तर लिम्फोमाही तात्पुरता आक्रसतो आणि निदान लपते. पूर्वी मेंदूवर किरणोपचार हाच मार्ग होता आणि त्यातून वाचलेल्यांची बुद्धी मंदावत असे. मेथोट्रेक्सेट, रिटक्सिमॅब आणि तत्काळ सुरू केलेली एआरटी यांनी किरणोपचारांवाचूनही दीर्घ आयुष्य मिळू शकते, हे आता दिसले आहे. एआरटी सर्वदूर पोचल्यापासून हा लिम्फोमा मात्र झपाट्याने घटला आहे.

कर्करोग नसलेली वाढ

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हे सांगणेही तितकेच आवश्यक आहे. जांघ वगळून दोन किंवा अधिक ठिकाणी सेंटिमीटरहून मोठ्या गाठी तीन महिने टिकून राहणे, ही एचआयव्हीच्या सुरुवातीच्या काळातली नेहमीची अवस्था आहे. त्या गाठी मऊ, हलत्या आणि न दुखणाऱ्या असतात व एआरटीने लहान होतात.

कानशिलाखालच्या लाळग्रंथी दोन्ही बाजूंनी फुगणे, तोंड आणि डोळे कोरडे पडणे, रक्तातल्या सीडी-८ पेशी वाढणे, हा वेगळा लक्षणसमूह आहे. यात सीडी-८ पेशी लाळग्रंथींत, फुप्फुसांत, मज्जातंतूंत शिरून बसतात. गाल फुगल्यामुळे लोकांच्या नजरा वळतात आणि रुग्ण घराबाहेर पडणे टाळतो. बहुतेक वेळा एआरटीने सूज उतरते. एकाच बाजूची ग्रंथी झटकन वाढली तर मात्र तेथे लिम्फोमा तर नाही ना, हे पाहावे लागते.

जन्मतः एचआयव्ही मिळालेल्या मुलांत फुप्फुसांच्या जाळीत लिम्फोसाइट भरण्याचा आजार होतो. क्ष-किरण चित्रात दोन्ही बाजूंना बारीक दाणे दिसतात आणि मुलाला बाजरीच्या दाण्यांसारखा पसरलेला क्षय ठरवून औषधे सुरू होतात. बोटांची टोके फुगलेली, लाळग्रंथी वाढलेल्या, आणि छातीचे चित्र इतके भरलेले असूनही मूल त्या मानाने बरे दिसत असेल, तर या आजाराचा विचार करायला हवा. आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचे काम जसे यशस्वी होईल तसा हा आजार नाहीसा होत जाईल.

दुर्मीळता कोठे खरी, कोठे भासमान

या विकारांना सरसकट दुर्मीळ म्हणण्याआधी नकाशा पाहायला हवा. केएसएचव्ही मुख्यतः लाळेतून पसरतो. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या काही भागांत निम्म्याहून अधिक प्रौढांत तो आहे, भूमध्य समुद्राभोवती मध्यम प्रमाणात, तर भारतात बराच कमी. म्हणूनच कपोसी सारकोमा आपल्याकडे आफ्रिकेच्या मानाने फार क्वचित दिसतो आणि कॅसलमन आजारही येथे खरोखर विरळ आहे. आफ्रिकेतले चित्र उलटे आहे : विषाणू सर्वत्र, एचआयव्ही मोठ्या प्रमाणावर, तरीही तेथे नोंदलेले कॅसलमन आजाराचे रुग्ण अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी. मलावीसारख्या देशात विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली, गाठी तपासल्या जाऊ लागल्या, तेव्हा हा आजार तेथेही सापडू लागला. तपासणीच नसेल तर आजार कागदावर येत नाही.

ईबीव्हीचे तसे नाही. तो महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या शरीरात आहे. त्यामुळे प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा, मेंदूतला लिम्फोमा, हॉजकिन लिम्फोमा या ईबीव्हीशी जोडलेल्या आजारांची भूमी आपल्याकडे तयारच आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात एचआयव्हीसह जगणारी माणसे सुमारे २४ लाख होती, आणि त्यांतली सर्वाधिक, म्हणजे ३.९४ लाख, महाराष्ट्रात. एवढ्या मोठ्या संख्येत दुर्मीळ आजारही दरवर्षी अनेक घरांत पोचतो.

या चित्राची तिसरी बाजू एआरटीची. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, आणि २०१७ पासून सीडी-फोरचा आकडा न पाहता प्रत्येकाला ती देण्याचे धोरण आले. त्यामागचा भक्कम पुरावा ३५ देशांतल्या ४६८५ जणांवर झालेल्या स्टार्ट चाचणीने २०१५ मध्ये दिला होता. औषधे लगेच सुरू करणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू मिळून ५७ टक्क्यांनी कमी झाले. टळलेल्या आजारांत क्षय, कपोसी सारकोमा आणि लिम्फोमा हे ठळक होते. म्हणजे या विकारांवरचा सर्वांत परिणामकारक प्रतिबंध आपल्या प्रत्येक एआरटी केंद्रात आज मोफत मिळतो.

निदान : गाठ पूर्ण काढा, प्रश्न नेमका विचारा

गाठीत सुई घालून चार पेशी काढणे स्वस्त आणि झटपट असते. क्षयासाठी ते पुष्कळदा पुरते. सीबीनॅट ही जनुकीय चाचणी आहे, गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट आहे. तालुक्याच्या ठिकाणीही काही तासांत क्षयाचे उत्तर मिळू शकते. ही मोठी सोय आहे आणि तिचा दुसरा फायदाही घ्यायला हवा : या चाचण्या नकारात्मक आल्या तर क्षयाच्या औषधांच्या आधी पूर्ण गाठ काढण्याचा निर्णय घेता येतो.

कॅसलमन आजार सुईने कळत नाही. लसीकाग्रंथीची रचनाच बिघडलेली असते, आणि रचना पाहायला अख्खी गाठ लागते. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पेशींचे थर, कोमेजलेली केंद्रे, कडेच्या भागात विखुरलेल्या मोठ्या प्लाझ्माब्लास्ट पेशी हे सगळे तेव्हाच दिसते. शक्य असेल तर पेट-स्कॅनमध्ये सर्वांत उजळलेली गाठ निवडावी. जांघेतली गाठ सहसा टाळावी, कारण ती कुठल्याही साध्या कारणाने वाढलेली असते. गाठ काढण्यापूर्वी स्टेरॉइड देऊ नयेत. नमुन्याचा एक भाग फॉर्मलिनमध्ये आणि एक भाग क्षयाच्या संवर्धनासाठी साध्या सलाइनमध्ये पाठवावा. क्षय आणि लिम्फोमा एकाच गाठीत सापडणे अशक्य नाही.

सोबतच्या कागदावर ‘एचआयव्ही, ताप, केएसएचव्ही आणि ईबीव्हीशी निगडित विकार शोधावेत’ एवढे एक वाक्य लिहिले तरी विकृतितज्ज्ञाची दिशा बदलते. लानाचे रंजन आणि ईबीव्हीसाठीची ईबर चाचणी मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होतात. मेणात बसवलेला नमुना टपालाने जाऊ शकतो. त्यासाठी रुग्णाला प्रवास करावा लागत नाही.

या वाटेत एक अडथळा वैद्यकीय नाही. एचआयव्हीबाधिताची गाठ काढायला अजूनही काही ठिकाणी टाळाटाळ होते. तारीख पुढे जाते, रुग्ण दुसरीकडे पाठवला जातो. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आरोग्यसेवा नाकारणे किंवा तिच्यात भेदभाव करणे या कायद्याने निषिद्ध आहे, आणि कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने पुरवणे ही संस्थेची जबाबदारी आहे. या आजारांत दोन महिन्यांची टाळाटाळ जिवावर बेतते.

उपचार करताना

लिम्फोमावर केमोथेरपी चालू असताना एआरटी थांबवायची नाही, यावर आता एकमत आहे. औषधांची निवड मात्र पाहावी लागते. रिटोनाव्हिरसारखी औषधे व्हिनक्रिस्टिनचे विषारी परिणाम वाढवतात, झायडोव्हुडिन अस्थिमज्जा दडपते. डोल्युटेग्राव्हिरवर आधारित पद्धती या बाबतीत बरीच सोपी आहे. क्षयासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरची मात्रा दिवसातून दोनदा करावी लागते. न्यूमोसिस्टिस हा फुप्फुसांचा संसर्ग टाळण्यासाठी को-ट्रायमोक्झाझोल द्यावे लागते.

खर्चाचा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. रिटक्सिमॅबची जैवसदृश आवृत्ती भारतात २००७ मध्येच आली आणि त्यानंतर किंमत उतरत गेली. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलसारख्या केंद्रांत एचआयव्ही आणि कर्करोग यांचा एकत्र विचार होतो. लातूर, नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला तेथे पोचण्याआधी आपल्या जिल्ह्यातच संशय घेतला जाणे, गाठ निघणे आणि नमुना योग्य ठिकाणी जाणे, एवढे घडायला हवे.

पुढे काय करता येईल

तीन गोष्टी आवाक्यातल्या आहेत. पहिली : एआरटी केंद्रांसाठी एक साधा नियम. क्षयाचा जंतुपुरावा नाही, औषधे सुरू करून सहा ते आठ आठवडे झाले आणि ताप किंवा गाठी कायम आहेत, तर गाठ काढण्यासाठी रुग्ण शल्यविभागात गेलाच पाहिजे. दुसरी : राज्यातल्या दोन-तीन वैद्यकीय महाविद्यालयांनी एचआयव्हीबाधितांच्या गाठींसाठी लाना आणि ईबर तपासणी मोफत करावी आणि नमुने जिल्ह्यांतून मागवावेत. तिसरी : नोंदवही. प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमाचे जगात विखुरलेले शेकड्यांनी रुग्ण एकेका शोधनिबंधात अडकून आहेत. देशातल्या कर्करोग रुग्णालयांनी आणि पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेची परंपरा चालवणाऱ्यांनी एकत्र नोंदी ठेवल्या, तर या आजारावर कोणता उपचार चालतो याचे उत्तर भारतातून मिळू शकेल.

एचआयव्हीसह जगणारी माणसे आता म्हाताऱ्या वयापर्यंत जगत आहेत. त्यांच्या औषधांसाठी या देशाने वीस वर्षांत उभे केलेले जाळे अभिमान वाटावे असे आहे. त्याच जाळ्यात शल्यचिकित्सक आणि विकृतितज्ज्ञ यांना जोडून घेतले, तर कॅसलमन आजाराचा रुग्ण क्षयाच्या गोळ्या खात दगावणार नाही आणि टाळूवरची गाठ गळू समजून महिनोन्‌महिने चिरली जाणार नाही. वारंवार येणाऱ्या तापाचे कारण मागण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे, आणि ते कारण शोधण्याची साधने आज आपल्या हाती आहेत.